पट्टकृमीचा शोध आणि ‘नॉट सीन’चा रिपोर्ट

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, हाकेच्या अंतरावर एखादी पॅथॉलॉजी लॅब सापडतेच. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर अंबरनाथ-बदलापूरला उभे राहिलेले टॉवर पाहिले की हे आकडे किती मागे पडले ते कळते. एवढ्या लोकांच्या पोटाच्या तक्रारींवर डॉक्टर ‘स्टूल रूटीन’ लिहून देतात, दुसऱ्या दिवशी छापील कागद हाती येतो आणि त्यावर बहुतेक वेळा ‘ओव्हा : नॉट सीन, सिस्ट : नॉट सीन’ एवढेच असते. कागद फायलीत जातो, जंत नाहीत असे घरात ठरून जाते. गोल जंतांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खपून जाते, कारण त्यांची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते आणि ती विष्ठेत सगळीकडे मिसळलेली असतात. पट्टकृमीच्या, म्हणजे ज्याला सगळे टेपवर्म म्हणतात त्याच्या बाबतीत मात्र या कागदावर विसंबणे धोक्याचे आहे. इथे निदान निसटते ते महागडे यंत्र नसल्यामुळे फार कमी वेळा. ते निसटते रुग्णाला न विचारलेल्या एका प्रश्नामुळे, फेकून दिलेल्या तुकड्यामुळे आणि रिपोर्टवरच्या अर्धवट ओळीमुळे, असे माझे म्हणणे आहे.

याचे मूळ किड्याच्या शरीररचनेत आहे. आपल्याकडे मोठ्या पट्टकृमींत दोघांचा विचार करावा लागतो. डुकराच्या मांसातून येणारा तो टीनिया सोलियम, आणि गायीबैलांच्या व म्हशीच्या मांसातून येणारा तो टीनिया सॅजिनाटा. दोघेही काही मीटर लांब वाढतात. डोके टाचणीच्या माथ्याएवढे, तेच आतड्याला चिकटलेले; मागे शेकडो चपट्या खंडांची पट्टी. शेवटचे खंड अंड्यांनी गच्च भरलेले असतात. सोलियमच्या एका खंडात पन्नास हजारांपर्यंत, तर सॅजिनाटाच्या एका खंडात लाखापर्यंत अंडी. पण या खंडांच्या गर्भाशयाला बाहेर उघडणारे तोंडच नसते. खंड फाटला तरच अंडी विष्ठेत सांडतात. शाबूत बाहेर पडला तर लाखभर अंडी एका पुडक्यात निघून जातात आणि त्याच दिवशीच्या उरलेल्या विष्ठेत एकही अंडे नसू शकते. आता लॅबमधले काम पाहा. टेक्निशियन काडीच्या टोकावर जेवढे येईल तेवढे घेऊन काचपट्टीवर एका बाजूला सलाइनच्या आणि दुसऱ्या बाजूला आयोडिनच्या थेंबात कालवतो. त्या थेंबात साधारण दोन मिलिग्रॅम विष्ठा असते. माणसाच्या दिवसाच्या शौचाचे वजन दोनशे ग्रॅम धरले तर सूक्ष्मदर्शकाखाली आला तो त्याचा एक लाखावा भाग. अंडी सारखी पसरलेली असती तर एवढ्यावरही भागले असते. ती तशी पसरत नाहीत, म्हणून एका पट्टीवर काही न दिसणे हा टीनिया नसल्याचा पुरावा होत नाही. त्यातच, संसर्ग झाल्यापासून खंड पिकून बाहेर पडू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. त्या काळात विष्ठेत दिसण्यासारखे काही नसतेच.

याच साध्या तपासणीला दुसऱ्या एका पट्टकृमीच्या बाबतीत मात्र बऱ्यापैकी यश येते, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. हायमेनोलेपिस नाना हा बुटका पट्टकृमी जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचा. जगभर माणसांत सर्वांत जास्त आढळणारा पट्टकृमी हाच, आणि मुख्यतः मुलांत. त्याचे खंड आतड्यातच विरघळतात, त्यामुळे अंडी विष्ठेत नीट मिसळून येतात. खंड डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आईच्या नजरेला काही पडत नाही, तपासणारी काचपट्टीच. त्याचे अंडे ओळखायला शिकलेला डोळा लागतो. तीस ते पन्नास मायक्रॉनचे लंबगोल, आत सहा आकड्यांचा (हुकांचा) गर्भ, आणि आतल्या आवरणाच्या दोन्ही टोकांतून निघालेले बारीक तंतू. उंदराच्या हायमेनोलेपिस डिमिन्यूटाचे अंडे याहून मोठे असते आणि त्यात हे तंतू नसतात. धान्यातले किडे चुकून पोटात गेले की हा माणसाला होतो, पण क्वचित. कुत्र्यांच्या पिसवांतून मुलांना होणारा डायपिलिडियम तांदळाच्या दाण्यासारखे खंड टाकतो आणि लॅबमध्ये बहुधा ‘पिनवर्म असेल’ म्हणून निकालात निघतो. माशांतून येणारा डायफायलोबोथ्रियम आपल्या भागात विरळाच. त्याच्या खंडांना अंडी सोडण्याचे छिद्र असते, त्यामुळे रुग्णाच्या विष्ठेत झाकण असलेल्या अंड्यांचा तुटवडा नसतो. तेव्हा ‘स्टूल टेस्ट चांगली की वाईट’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. नानासाठी ती चांगली आहे, टीनियासाठी अपुरी. आणि त्रासदायक गोष्ट अशी की ज्याच्यासाठी ती अपुरी आहे तोच माणसाला जास्त महाग पडतो.

टीनियाचे अंडे पट्टीवर दिसलेच, तरी गाडी एका जागी अडते. तीस-पस्तीस मायक्रॉनचे, तपकिरी, जाड कवचावर आरेसारख्या रेघा असलेले हे अंडे सोलियमचे आणि सॅजिनाटाचे हुबेहूब सारखे. सूक्ष्मदर्शकाने त्यांत फरक करता येत नाही; कोणी रिपोर्टवर अंड्यावरून ‘सोलियम’ लिहिले असेल तर ते अंदाजाने लिहिलेले आहे. (काही फुलांचे परागकण या अंड्यांसारखे दिसतात, आणि घाईत तेही मोजले जातात.) जात ठरते ती खंडावरून किंवा डोक्यावरून. पिकलेला खंड दोन काचपट्ट्यांमध्ये हलक्या हाताने दाबायचा, त्याच्या कडेच्या छिद्रातून बारीक सुईने काळी शाई आत सोडायची किंवा तो कारमाइनने रंगवायचा, आणि उजेडासमोर धरायचा. मध्ये गर्भाशयाची उभी नळी दिसते आणि तिला झाडाच्या खोडासारख्या दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेल्या असतात. नळीला चिकटलेल्या मुख्य फांद्या एका बाजूने मोजायच्या. सात ते तेरा आल्या तर सोलियम. पंधरा ते तीस आल्या तर सॅजिनाटा. मधल्या आकड्यांवर अडते, कारण सॅजिनाटाच्या फांद्या कधी बारा-तेराही निघतात. अशा वेळी दोन-तीन खंड पाहावे लागतात. डोके मिळाले तर प्रश्नच मिटतो, कारण सोलियमच्या डोक्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि सॅजिनाटाच्या डोक्यावर नुसते चार चूषक. या सगळ्याला लागते काय? दोन पट्ट्या, एक सुई, शाई, साधा सूक्ष्मदर्शक किंवा भिंग. हा सरंजाम उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनच्या लॅबमध्ये आहे, तसाच बदलापूरच्या गल्लीतल्या लॅबमध्येही आहे. नसतो तो खंड. तो रुग्णाने पाहिलेला असतो आणि पाणी टाकून घालवलेला असतो.

म्हणून पट्टकृमीच्या निदानातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी चाचणी म्हणजे एक प्रश्न : ‘शौचात किंवा कपड्यांवर पांढरा, चपटा, फितीच्या तुकड्यासारखा काही पदार्थ कधी दिसला का?’ सॅजिनाटाचे खंड एकेकटे सुटतात आणि स्वतः वळवळत बाहेरही येतात, त्यामुळे रुग्णाला ते जाणवतात. सोलियमचे खंड बहुधा तीन-चारच्या साखळीत शौचाबरोबर निमूट जातात आणि सहज नजरेआड होतात. प्रश्न विचारण्यातही अडचण आहे. लाज वाटते, विशेषतः बायकांना आणि नव्या सुनांना. ‘जंत पडले का’ असे विचारले तर लोक गांडुळासारख्या लांब गोल किड्याची आठवण करतात आणि ‘नाही’ म्हणतात. शिवाय टोमॅटोची साल, कोथिंबिरीचा देठ किंवा चिकट आवेचा धागा डबीत घालून ‘किडा’ म्हणून आणणारेही असतात. पण चार निरर्थक डब्या पाहण्याचा खर्च एक खरा खंड हुकण्यापेक्षा कमीच आहे.

आता पहिला आक्षेप. जात ओळखून करायचे काय? दोन्ही टीनियांना एकच गोळी लागते. पोटापुरते पाहिले तर हे खरे आहे. पण सॅजिनाटाची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काही होत नाही; सोलियमची गेली तर त्यातून निघालेली अळी रक्तातून स्नायूत, डोळ्यात आणि मेंदूत जाऊन गाठ धरते. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात, आणि भारतात मोठेपणी सुरू होणाऱ्या फिट्सच्या प्रमुख कारणांत तो मोडतो. सीटी स्कॅन आपल्याकडे आला त्या काळात फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत एकच लहान गोल ठिपका दिसला की तो क्षयाची गाठ समजून महिनोन्महिने टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८९मध्ये अशा गाठी काढून तपासल्या आणि त्यांतल्या कित्येक सिस्टिसर्कसच्या, म्हणजे याच अळीच्या, निघाल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये छापले. तेव्हा कल्याणच्या पुढचा एखादा तरुण फिट आल्यावर कळव्याच्या, शीवच्या किंवा केईएम रुग्णालयात जातो, त्याच्या एमआरआयमध्ये गाठ दिसते, तिचे उपचार होतात. पण ती अंडी आली कोणाच्या पोटातून, हे शोधण्याचे काम बहुधा कोणी करत नाही. तो माणूस त्याच घरात, त्याच चाळीत किंवा त्याच्या रोजच्या जेवणाच्या ठिकाणी असू शकतो, आणि त्याला स्वतःला काहीच त्रास नसेल. पोटातला पट्टकृमी ओळखणे म्हणजे या साखळीचे उगमाचे टोक पकडणे आहे. म्हणून जातीचा प्रश्न हौशी नाही.

दुसरा आक्षेप घराघरांतून ऐकू येतो : ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कशाला टेपवर्म?’ यात दोन गोष्टींची गल्लत आहे. आतड्यातला टीनिया अर्धवट शिजलेल्या मांसातून होतो हे बरोबर. पण मेंदूतली गाठ मांसातून होत नाही, ती दुसऱ्या माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांतून होते. याचे जगभर गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले आहे. डुकराचे मांस धर्माने निषिद्ध असलेल्या सनातनी ज्यू कुटुंबांत न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे रुग्ण निघाले. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात संशयाची सुई लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामगार स्त्रियांकडे वळली. त्यांच्यापैकी काहींना पट्टकृमी होता. या गोष्टीचा आपल्याकडे उलटा वापर होण्याची भीती मला वाटते. बाईला, भय्याला, पाड्यावरच्या कातकऱ्याला बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. पण लखनौजवळच्या डुक्करपालन करणाऱ्या वस्तीत झालेल्या पाहणीत शंभरात अठरा-एकोणीस जणांना टीनिया निघाला, तो शौचालय नसल्यामुळे आणि डुकरे उघड्यावरचे खात असल्यामुळे. अंबरनाथहून उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीकडे जाणाऱ्या वालधुनी नदीच्या काठावर राहणाऱ्याने आपल्या वस्तीतली गटारे कोणत्या दिशेने वाहतात हे आधी पाहावे. उपनगरी रुळांलगत सांडपाण्यावर वाढलेला पालक आणि माठ कोणाच्या ताटात जातो, याची चौकशी जात-धर्म विचारून करता येत नाही. २०१५पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे म्हणून सॅजिनाटा संपला, असेही म्हणता येणार नाही. म्हशीचे मांस विकले जाते आणि म्हैसही त्याची यजमान आहे. नानाला तर मध्ये कोणताही प्राणी लागत नाही. एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या तोंडात, एवढाच त्याचा प्रवास.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो डॉक्टरांचाच आहे. तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना जंताची गोळी द्या, स्वस्तात काम होते. २०१५पासून सरकारही हेच करते. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी वाटली जाते. ही मोहीम मातीतून पसरणाऱ्या गोल, चाबूक आणि आकडे जंतांसाठी आहे, आणि त्या कामाला ती योग्यच आहे. पट्टकृमीवर मात्र या एका गोळीचा भरवसा नाही. टीनियासाठी प्राझिक्वांटेल, शरीराच्या दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, एकदाच. नानाला त्याच औषधाचा दर किलोला २५ मिलिग्रॅमचा मोठा डोस. टीनियाला निक्लोसामाइडही चालते, आणि ते आतड्यातून रक्तात शोषले जात नाही. हा फरक नुसता कागदी नाही. ज्याच्या मेंदूत आधीच गाठी आहेत अशाला प्राझिक्वांटेल दिले तर त्या गाठींना सूज येऊन फिट येऊ शकते, म्हणून आधी फिट्स आणि जुन्या डोकेदुखीबद्दल विचारावे लागते. निदान न करता गोळी देणारा डॉक्टर नानाला अपुरा डोस देतो, टीनियाला चुकीची गोळी देतो, आणि सोलियमच्या रुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांचा विचारच करत नाही. रुग्णाला मात्र ‘जंताचं औषध झालं’ असे वाटून तो निश्चिंत होतो.

मग अद्ययावत चाचण्या आणा, असे म्हणणारेही आहेत. विष्ठेतले किड्याचे प्रथिन पकडणारी कोप्रोअँटिजेन एलायझा १९९०च्या सुमारास पुढे आली. अंड्यांवर ती अवलंबून नसल्यामुळे खंड न पडणाऱ्या दिवशीही संसर्ग पकडते आणि सूक्ष्मदर्शकापेक्षा दुप्पट-अडीचपट रुग्ण शोधते. उपचारानंतर काही दिवसांतच निगेटिव्ह होते, हाही तिचा गुण. पण सर्वसाधारणपणे ती टीनियाची जात सांगत नाही. जात पीसीआर सांगते, अगदी नेमकी सांगते, फक्त नमुना फॉर्मलिनमध्ये घातलेला नसावा. फॉर्मलिन अंड्यांचा आकार टिकवते आणि डीएनए बिघडवते. पीसीआरसाठी खंड अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. चुकीच्या बाटलीत गेलेला तुकडा मुंबईतल्या मोठ्या लॅबलाही वाचवता येत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी ही तिसरीच गोष्ट. ती ऊतींतल्या गाठींसाठी आहे, आतड्यात किडा आहे की नाही ते ती सांगत नाही. सीबीसीत इओसिनोफिल वाढलेले दिसले तरी पट्टकृमीवर शिक्का बसत नाही, आणि नॉर्मल आले तरी तो सुटत नाही. या नव्या चाचण्या पाहणीसाठी आणि अडलेल्या निदानासाठी मोलाच्या आहेत. पण आज रुग्ण ज्या कलेक्शन सेंटरमध्ये डबी देतो तिथे त्या मिळत नाहीत. त्या येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे हातात असलेले साधन वाया घालवणे.

हातात काय आहे? ग्रॅमभर विष्ठा फॉर्मलिनमध्ये ढवळून, गाळून, ईथर किंवा एथिल अॅसिटेट घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की अंडी तळाशी गोळा होतात. दोन मिलिग्रॅमच्या जागी जवळपास पाचशे पट माल तपासला जातो आणि खर्च वाढतो तो थोडा. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने हा जुना नियम पुस्तकात शोभतो, सकाळी ६.५०ची लोकल पकडणारा माणूस तीनदा डबी आणणार नाही, हे मान्य करायला हवे. म्हणून एकच नमुना असेल तर तो गाढ करून तपासावा, आणि संशय असेल तर सकाळी शौचाला जाण्याआधी व पाण्याने धुण्याआधी गुदद्वाराच्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर पाहावी. बालकांच्या पिनवर्मसाठी १९४१पासून वापरात असलेली ही युक्ती वळवळणाऱ्या सॅजिनाटासाठी विष्ठेपेक्षाही चांगली ठरते; सोलियमला ती तितकी लागू नाही. एक दिलासा असा की टीनियाची अंडी चिवट असतात. नमुना बदलापूरहून मुंबईला दुपारच्या व्हॅनने गेला तरी अमिबाच्या जिवंत पेशींसारखी ती काही तासांत विरत नाहीत. हाच चिवटपणा टेक्निशियनला घातक आहे. खंड हाताळताना हातमोजे हवेतच, कारण तो सोलियमचा निघाला तर बोटावरचे अंडे त्याच्याच मेंदूपर्यंत पोचू शकते. राहिली सहीची बाब. पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीशिवाय लॅब रिपोर्ट चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये स्पष्ट केले आहे. सही करणाऱ्याने एक ओळ जादा लिहिली तर बिघडणार काय? ‘एका नमुन्याच्या थेट तपासणीत अंडी आढळली नाहीत, पट्टकृमीचा संशय असल्यास खंड आणावा.’ एवढ्याने रुग्णाला खोटी खात्री मिळणे थांबेल.

या तिन्ही शहरांत याची सुरुवात कुठून व्हावी यावरही माझे मत पक्के आहे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय या ठिकाणी गरिबांची गर्दी असते, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथचा समावेश आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. खासगी लॅबनी मिळालेला प्रत्येक खंड तिथे पाठवावा, विद्यार्थ्यांनी फांद्या मोजायला शिकावे, आणि फिट्सच्या ज्या रुग्णाच्या मेंदूत सिस्टिसर्कस दिसला त्याच्या घरच्यांची विष्ठा तपासावी. पेरूच्या उत्तरेत संसर्ग झालेल्या डुकराभोवतीच्या शंभर मीटरच्या वर्तुळातली माणसे तपासण्याची पद्धत वापरून पाहिली गेली. इथे वर्तुळ डुकराऐवजी रुग्णाभोवती आखावे लागेल, एवढाच फरक.

गोळी घेतली की काम संपले, असेही नाही. डोके आतड्यात राहिले तर पट्टी पुन्हा वाढते आणि दोन-तीन महिन्यांनी खंड पुन्हा दिसू लागतात. गोळीनंतरच्या एक-दोन दिवसांची सगळी विष्ठा चाळून डोके शोधणे हा उत्तम मार्ग. घरी ते कोणी करणार नाही. तेव्हा उपचारानंतर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. आणि शौचात चपटा पांढरा तुकडा दिसला तर तो फ्लश न करता चिमट्याने उचलून झाकणाच्या बाटलीत घालावा, साबणाने हात धुवावेत, आणि लॅबमध्ये डबी देताना काउंटरवर स्पष्ट सांगावे : ‘हा तुकडा आहे, जात लिहून द्या.’